बिजलीबाईची टोपली अन् धनसिंगचा जीव

बिजलीबाईच्या कानाजवळची टोपली पडली ती दिवाळीनंतरच्या पहिल्या वेचणीत, अन् सापडली ती लखीरामच्या बायकोच्या गाठोड्यात, कापसासंगं तोलून झाल्यावर.

टोपली म्हणजे भाजीची नव्हे. गोर बंजाऱ्यांच्या बाया कानशिलावरच्या केसांच्या बारीक वेण्या घालतात अन् त्यात दोन्ही बाजूंनी चांदीचा एकेक डाग, म्हणजे दागिना, गुंफतात. कापसाच्या बंद बोंडाएवढा डाग, खाली घुगऱ्यांचा झुपका. लग्नात चढते, नवरा मेला की उतरते. मधल्या काळात तिला हात लावायचं काही कारण नसते. आताच्या पोरी साड्या नेसतात, शँपू लावतात, त्यांना टोपलीचं नाव काढलं तरी मान दुखते. पांढरकवड्याच्या अलीकडच्या या तांड्यात टोपली वागवणाऱ्या बाया तीन उरल्या होत्या. त्यातल्या दोघी खाटेवरून उठत नव्हत्या. म्हणजे चारचौघांत दिसणारी टोपली एकच, बिजलीबाईची. अन् तीच पडली.

"आवं बिजलीबाई," लखीरामची बायको डाग हातात धरून ओरडली, "धनसिंगभाऊ बरे हायेत ना?"

अठरा बाया हसल्या. बिजलीबाई पण हसली. मग कानशिलावर हात नेला, तर बोटाला वेणी लागलीच नाही. चार केस लागले, ते पण हातात आले.

बावन्न वर्षांची ही बाई अठरा बायांची मुकादमीण होती. कोणाच्या वावरात कधी उतरायचं, कोणाच्या नाही, हे तीच ठरवायची. संध्याकाळी वावरातल्या बाभळीला ताणकाटा टांगून प्रत्येकीचं गाठोडं तीच तोलायची. काटा नुसता दाखवायला. गाठोडं उचलताना तिच्या हाताला आधीच कळायचं. एकदा काटा बावीस किलो म्हणाला अन् हात म्हणाला अठरा. तिनं तिथंच वावराच्या धुऱ्यावर गाठोडं सोडलं, तर मधोमध पाण्यात बुडवून पिळलेला कापूस. "काटा खोटं नाई बोलला," ती त्या बाईला म्हणाली, "तू त्याले खोटं खाऊ घातलं." गुलाबी बोंडअळीचं ते साल होतं. निम्मी बोंडं उघडतच नव्हती, उघडली ती किडकी, अन् तरी शेतकऱ्यांची बोलावणी बिजलीबाईलाच यायची, कारण तिच्या बाया किडकं अन् चांगलं वेगळं वेचायच्या.

तिला थायरॉइड होतं. पाच वर्षांपूर्वी वेचता वेचता उभ्यानं झोप लागायला लागली, आवाज बाप्यासारखा झाला, तेव्हा पांढरकवड्याच्या केतकी डॉक्टरीणबाईनं रक्त तपासून शंभरची गोळी चालू केली होती. पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्यासंगं, अन् तासभर चहा नाही. पहिली चार वर्षं बिजलीबाईनं हे पाळलं. मग वेचणीला पहाटेच निघावं लागू लागलं, तशी गोळी चहाच्या घोटासंगं जाऊ लागली. पोटात तर गेली ना, एवढाच हिशेब.

आता धनसिंग. नवरा. साठीला टेकलेला, पण अंगानं ठणठणीत. अकरा वर्षांपूर्वी छातीत एकदा गॅस धरला होता, त्या दिवसापासून जड काम सोडलं, अन् मग हलकं काम पण जडच असते हे त्याच्या ध्यानात आलं. दिवसभर कडुनिंबाखाली खाट. खाट सावलीसंगं फिरायची, तेवढीच त्याची मेहनत. बायकोला ताप आला तर "झोप उलसक" म्हणायचा अन् भाकर कोण टाकणार ते विचारायचा. पाच वर्षांत थायरॉइडची एक गोळी त्यानं आणली नव्हती.

त्या संध्याकाळी बिजलीबाईनं टोपली पदराच्या गाठीतून सोडून त्याच्यासमोर ठेवली, तर धनसिंग खाटेवर उठूनच बसला.

"हे काहून काढली?"

"काढली नाई, पडली."

"मी असून?"

"तुमी असून नाई तं काय. तुमी कुठं गेलते?"

धनसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. रात्री जेवला नाही. सकाळी तांड्याचा नायक डोंगरसिंग मुद्दाम वाट वाकडी करून आला, खाटेजवळ थांबला अन् आभाळाकडं पाहत म्हणाला, "धनसिंग, लाकडं वाळलेली हायेत ना बाप्पा घरी?" तांडाभर दिवसभर हेच. कोणी नाडी पाहायचं, कोणी विचारायचं, "बैलजोडी कोनाच्या नावानं करून जाशीन?" थट्टा होती. पण धनसिंगला तिच्यात तारीख ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः एसटीत बसून पांढरकवड्याला गेला. फुलचंदच्या औषधाच्या दुकानासमोर उभा राहून म्हणाला, "बायकोचे केस गळून राह्यले. जोरदार काहीतरी द्या. जिवाचा सवाल हाय."

कोणाच्या जिवाचा ते फुलचंदनं विचारलं नाही. केसांच्या गोळ्यांची एक चकचकीत डबी दिली, वर लांब केसांच्या बाईचं चित्र. रोज एक, म्हणाला. डबीत काय काय आहे ते मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं: बायोटिन, लोह, कॅल्शियम, जस्त. बारीक अक्षर वाचायचं धनसिंगला काही कारण नव्हतं, चित्र मोठं होतं.

घरी आल्यावर त्याचं त्यानंच ठरवलं की रोज एक म्हणजे ज्यांचे नवरे जवान आहेत त्यांच्यासाठी. त्यानं दोन केल्या. पहाटे बिजलीबाई थायरॉइडची गोळी घ्यायला डबा उघडायची, तेवढ्यात हा बाजूला उभा, हातात चहा अन् केसांची गोळी. "एकाच घोटात घेऊन टाक. मंग भूल नाई पडत." दुसरी संध्याकाळी. गिळली का नाही ते तोंड उघडायला लावून पाहायचा.

"आ कर. जीभ वर कर."

"मी का बैल हावो, दात पाहून राह्यले?"

"बैलाचे पाह्यले असते तं बरं झालं असतं, त्याच्या मरन्यानं मी मरत नाई."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यात नवरा इतका कामाला कधी आला नव्हता. शेजारणी म्हणायच्या, पाय धू बाई त्याचे. खरं सांगायचं तर बिजलीबाईला पण पहिले आठ-पंधरा दिवस बरं वाटलं. नवरा पहाटे उठतो, चहा करतो, मागंमागं फिरतो. कायले, हे तिला ठाऊक होतं. पण चहा तर चहाच होता.

त्या महिन्यात तालुक्याचे साहेब बोंडअळीचे पंचनामे करत फिरत होते. वावरात जायचे, दहा बोंडं फोडायचे, किती किडकी ते लिहायचे. धनसिंगनं घरी तसाच पंचनामा सुरू केला. रोज सकाळी बिजलीबाईला उजेडाकडं तोंड करून बसवायचा, कानशिलावरचे केस मोजायचा अन् चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहायचा. आकडा उतरतच होता. म्हणून त्यानं गोळ्या तीन केल्या.

सहा महिन्यांची रक्ततपासणी आली. बिजलीबाई पांढरकवड्याला गेली. केतकी डॉक्टरीणबाईच्या दारात नव्वद माणसं. रिपोर्ट पाहून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"बिजलीबाई, गोळी जास्त होतेय तुम्हाला. शरीर नुसतं धावतंय. दुसरं काही औषध चालू नाही ना?"

"नाई मॅडम."

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. केसांची गोळी हे औषध आहे असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते टॉनिक होतं. औषध आजाऱ्याला देतात, टॉनिक नवरा आणतो.

शंभरची गोळी पन्नासची झाली.

त्यानंतर संक्रांतीपर्यंतचे दीड-दोन महिने बिजलीबाईचे वाईट गेले. पहाटे डोळे सुजलेले. हातपाय बर्फ. तिळगुळासाठी तीळ भाजत बसली, तर चुलीपुढंच झोपली अन् तीळ काळे. वावरात बाया पुढं अन् मुकादमीण मागं. एकदा गाठोडं उचलायला गेली तर हाताला काही समजलंच नाही. काट्यावर काय आलं ते वाचून सांगितलं, दुसऱ्या कोणी सांगितल्यासारखं. तिला भीती वाटली ती त्या दिवशी. केस जाऊ द्या, पण हातातलं वजन गेलं तर अठरा बाया तिच्यामागं कायले येतील? अन् केस तर ओंजळीनं जात होते. पडलेली टोपली दोऱ्यानं परत बांधली होती, पण टोपल्या आता केसांत कमी अन् दोऱ्यात जास्त होत्या. भिंतीवरचा आकडा पाहून धनसिंगनं चौथ्या गोळीचा विषय काढला.

संक्रांतीनंतर पुन्हा रक्त. पुन्हा रिपोर्ट. डॉक्टरीणबाईनं कागद दोनदा वाचला.

"अजून जास्तच दाखवतंय. पंचवीसवर आणावी लागेल. रिपोर्टप्रमाणे तुमचं शरीर अजून धावतंय."

"कुठं धावून राह्यलं मॅडम?" बिजलीबाई म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "एसटीच्या पायरीवर चढाले मले कंडक्टरनं हात देला. चार दिवस झाले संडासले नाई. तुमचा कागद कोन्या दुसऱ्या बाईचा तं नाई?"

"नाव तुमचंच आहे."

मागं रांगेतलं एक पोर रडत होतं. बिजलीबाई म्हणाली, "माह्या धंद्यात असं झालं, काटा एक म्हन्ते अन् हात दुसरं, तं मी गाठोडं सोडतो. काट्यासंगं भांडत नाई. आत काय भरलं ते पाह्यतो."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "मग सोडा गाठोडं. घरात तुमच्या तोंडात जे जे जातं, पाणी सोडून, ते सगळं सांगा. गोळी, चूर्ण, काढा, देवाचा अंगारा."

बिजलीबाईनं कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. थायरॉइडचा डबा पडला, बाम पडला, तंबाखूची पुडी पडली अन् तिच्यावर लांब केसांच्या बाईची डबी. डॉक्टरीणबाईनं डबी उचलली, मागचं बारीक अक्षर वाचलं अन् डोक्याला हात लावला.

"ही किती घेता?"

"तीन. चौथी चालू करनार हाय म्हन्तात."

"कधीपासून?"

"टोपली पडली तवापासून."

"अन् थायरॉइडची गोळी?"

"हिच्यासंगंच. एकाच घोटात. चहाच्या."

डॉक्टरीणबाई हसली का रडली ते कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं, अन् बिजलीबाईला पहिल्याच वेळी समजलं, कारण सगळी गोष्ट ओल्या कापसाची होती. डबीतलं बायोटिन थायरॉइडच्या गोळीशी भांडत नाही. ते तपासणीच्या मशीनला फसवते. रक्तात ते जास्त असलं की मशीन उलटंच वाचते, कमी असलेलं जास्त दाखवते. अन् डबीतलं लोह अन् कॅल्शियम मशीनला काही करत नाही, ते थायरॉइडची गोळी पोटातच अडवते, अंगाला लागूच देत नाही. चहाही थोडंफार तेच करते. म्हणजे अंगात गोळी पोचत नव्हती, कागदावर जास्त पोचत होती, अन् कागद पाहून डॉक्टरीणबाई आणखी कमी करत होती.

"अन् केस?" बिजलीबाईनं विचारलं.

"थायरॉइड कमी पडलं की केस गळतातच. केसांच्या गोळीनं केस घालवले म्हणा हवं तर." मग जरा थांबून म्हणाली, "मीही चुकले. 'दुसरं औषध चालू नाही ना' असं विचारलं. पिशवी मागायला हवी होती."

नियम तिनं मोठ्या अक्षरात लिहून दिले, सून रंजिता वाचेल म्हणून. थायरॉइडची गोळी पहाटे साध्या पाण्यासंगं, चहा तासाभरानं. लोह-कॅल्शियमची कोणतीही गोळी चार तासांनंतर, म्हणजे दुपारच्या जेवणावरच. केसांची गोळी घ्यायचीच झाली तर विचारून, अन् एकच. रक्त द्यायच्या आधी ती बंद. इतरांना दोन-तीन दिवस पुरतात, पण तुम्ही तिप्पट खाल्ली, तुम्ही पुरते आठ दिवस थांबा. तोवर पन्नासचीच चालू ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा रक्त, मग खरं काय ते पाहू.

घरी आल्यावर कागद रंजितानं वाचला. धनसिंग शेवटपर्यंत ऐकत होता.

"आठ दिवस बंद?" तो म्हणाला. "अन् आठ दिवसात मी गेलो तं?"

"तं नवव्या दिवशी रक्त द्याची गरज नाई," बिजलीबाई म्हणाली.

दोन दिवस धनसिंग चिडीचूप होता. बिजलीबाईला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. तिसऱ्या दिवशी तिच्या वरणात गुलाबी कण दिसले. तिनं बोटानं एक कण चिमटीत धरला, जिभेवर ठेवला, थुंकला. वरण तसंच बाजूला सारलं अन् खलबत्ता पालथा घातला. तळाला गुलाबी भुकटी.

"हे काय हो?"

"मिरची असन."

"मिरची गुलाबी कधीपासून झाली? बोंडअळी वाटली काय वरनात?"

घरात भांडण गोरबोलीत व्हायचं, अन् गोरबोलीत जे काही बोलता येते ते सगळं त्या दुपारी बोलून झालं. धनसिंग शेवटी रडकुंडीला आला. "तुले काय, तू तं राहशीन. जानार मी हावो. तुह्या डोक्यावर माहा जीव टांगला हाय, अन् तू त्याले आठ दिवस उपाशी ठेवतं!"

बिजलीबाई उठली. भिंतीवरच्या आरशापुढं उभी राहिली. उजव्या कानशिलावरचा दोरा सोडला, टोपली हातात घेतली. मग डाव्या. त्यासंगं राहिलेसाहिले केस पण आले. दारात शेजारीण उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. नवरा समोर जिवंत बसलेला असताना टोपल्या उतरवलेली बाई तांड्यानं पाहिली नव्हती.

दोन्ही टोपल्या तिनं धनसिंगच्या ओंजळीत टाकल्या.

"घ्या. तुमचा जीव तुमीच सांभाळा. पस्तीस वर्सं मी वागवला, मान वाकडी झाली माही. आठ दिवस हे गोळी बंद नाई राह्यली तं खरा रिपोर्ट मले कधीच भेटनार नाई. माह्या हातात वजन राह्यलं नाई, समजते का तुमाले? मी वावरात काटा वाचून राह्यली!"

धनसिंग ओंजळ मिटायला पण विसरला.

तीन दिवस वाया गेले होते, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे आठ दिवस धनसिंगच्या जन्मातले सगळ्यात कष्टाचे. खाटेवर पडलं की मरण जवळ वाटायचं, म्हणून तो खाटेवर पडेना. टोपल्या कमरेच्या कशात, कापडी पिशवीत, बांधून तांडाभर फिरायचा, सगळ्यांना दिसेल असा. डोंगरसिंग नायक रोज विचारायचा, "हाय काय?" हा म्हणायचा, "हावो." पाचव्या दिवशी फिरायला गल्ली पुरेना, तेव्हा तो बायांमागं वावरात गेला, अन् बसून तरी काय करायचं म्हणून गाठोडी उचलून बाभळीखाली न्यायला लागला. घाम आला. छातीत गॅस धरला नाही. याचं त्यालाच फार आश्चर्य वाटलं, अन् थोडं वाईट पण.

आठव्या दिवशी तो जिवंत होता. नवव्या दिवशी बिजलीबाईनं रक्त दिलं. रिपोर्ट आला तो आधीच्या दोन्हींच्या बरोबर उलटा: थायरॉइड पार कमी, जसं तिचं अंग रोज ओरडून सांगत होतं तसं. डॉक्टरीणबाईनं पुन्हा शंभरची गोळी लिहिली. "दीड महिन्यानं परत तपासू. केसांना सहा-आठ महिने लागतील, जास्तही. घाई करू नका."

"मले घाई नाई," बिजलीबाई म्हणाली. "ज्यांले होती ते गाठोडे उचलून राह्यले."

होळीपर्यंत डोळ्यांची सूज उतरली. पाडव्याला आवाज परत बाईचा झाला. वेचणी तोवर संपली होती, पण बिजलीबाई घरातलं पीठ, पाणी, जळण काहीही उचलून आधी किलो सांगायची अन् मग रंजिताकडून काट्यावर तोलून घ्यायची. पहिल्यांदा चार किलोनं चुकली. मग दोननं. आखाडीला ज्वारीचं पोतं अर्ध्या किलोवर सांगितलं, तेव्हा तिनं गोळीच्या डब्याकडं पाहून मान हलवली, जसं एखाद्या वेचणारणीचं काम पसंत पडल्यावर हलवायची.

पुढच्या दिवाळीला कानशिलावर बोटभर केस आले होते. विरळ, पण धरतील असे. बिजलीबाई आंघोळ करून, वेणी घालून धनसिंगपुढं आली अन् हात पुढं केला.

"द्या."

धनसिंगनं कमरेच्या कशाला हात लावला, पण गाठ सोडेना. आठ-नऊ महिने टोपल्या त्याच्या कमरेला होत्या अन् त्याला साधी सर्दी झाली नव्हती. आता हा जीव परत त्या बोटभर केसांवर टांगायचा म्हणजे मोठी जोखीम.

"माह्यापाशी सुखरूप हायेत," तो म्हणाला.

"डाग बाईचा हाय."

"जीव बाप्याचा हाय."

रंजिता चुलीपाशी हसून हसून लाल झाली. बरीच घासाघीस झाली. शेवटी धनसिंगनं गाठ सोडली, एक टोपली बायकोच्या हातावर ठेवली अन् दुसरी परत बांधून टाकली. "एक तुह्यापाशी, एक माह्यापाशी. एकीचं काही झालं तं दुसरी हाय."

पहिल्या वेचणीच्या दिवशी बिजलीबाई उजव्या बाजूला एकच टोपली घालून वावरात उतरली. बायांनी पाहिलं. लखीरामच्या बायकोला राहवलं नाही.

"काहो बिजलीबाई, आता अर्धाच नवरा जिता हाय काय?"

"अर्धाच होता आंधीपासून," बिजलीबाई म्हणाली, अन् ओटी खोचून कापसाच्या तासाला लागली.